सरावाच्या अर्जावरचा ‘ख’

रबरकाकांचं काम असं होतं, की ते चोख झालं तर कुणाच्या लक्षातही यायचं नाही. म्हणूनच की काय, अकरा वर्षांत त्यांना शाबासकी अशी कुणी दिली नव्हती, आणि त्यांनीही ती कधी मागितली नव्हती.

वाचनालयाच्या तळमजल्यावर, मागच्या बाजूला, एक लांबट खोली होती. दारावर पाटी होती, ‘कायद्याची मोफत माहिती’. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा ते एक ती उघडी असायची. भिंतीला लाकडी खण, खणांत घडीची पत्रकं. घरमालकाने खोली सोडायला सांगितली तर, पगार थकला तर, मुलांचा ताबा, नावात बदल, मृत्युपत्र. वकिलाच्या पायऱ्या चढणं ज्यांना झेपत नाही अशी माणसं यायची, पत्रक घेऊन वाचत बसायची, आणि अडलं की टेबलामागच्या बाईंकडे जायची. बाई कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेल्या. आलेल्या प्रत्येकाला त्या पहिलं वाक्य एकच ऐकवायच्या, “काय करायचं ते मी सांगणार नाही. कसं करायचं ते विचारा.” माणसं आधी खट्टू व्हायची, मग हळूहळू विचारायला लागायची.

तिथली एक पद्धत मात्र खास तिथलीच होती. पक्का अर्ज शाईने भरायचा, आणि त्यात खाडाखोड दिसली की कोर्टाच्या खिडकीवरून तो सरळ परत यायचा. म्हणून आधी सरावाचा अर्ज भरायचा, पेन्सिलीने. त्यावर खरं नाव लिहायला सक्त मनाई. एकाच्या घरातलं उणंदुणं टेबलावर राहून दुसऱ्याच्या हाती पडायला नको, एवढाच त्यातला विचार. अर्ज करणारा तो ‘क’, आणि ज्याच्याबद्दल अर्ज तो ‘ख’. भाडेकरू क, घरमालक ख. बायको क, नवरा ख. बाई अर्ज तपासायच्या, कुठे काय अपुरं आहे ते सांगायच्या, माणूस ते आपल्या वहीत टिपून घ्यायचा आणि उरलेली माहिती घेऊन पुढच्या वेळी यायचा. नीट जमेपर्यंत तीन-चार फेऱ्या व्हायच्या. भरलेला सरावाचा अर्ज ट्रेमध्ये पडायचा, आणि दुपारी दोन वाजता रबरकाका येऊन ट्रेमधले सगळे अर्ज खोडून कोरे करायचे. कागद जाड, पिवळट होता. एकेक कागद पंधरा-वीस संसार सहज सोसायचा.

काका वाचनालयाचे मदतनीस. सकाळभर तळघरात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे लावायचे, ते तळघर नेमकं या खोलीच्या खाली. वर खुर्ची सरकली की खाली छताचा थोडा चुना पडायचा. सकाळी डोक्यावर माणसं वावरायची आणि दुपारी त्यांनी लिहिलेलं काकांच्या हाताखाली यायचं. प्रत्यक्ष माणसांची गाठ अशी कधी पडली नाही. काकांना ते सोयीचंच होतं.

खोडायची त्यांची रीत ठरलेली होती. दार लावून घ्यायचं, खिडकीपाशी बसायचं, ओळीच्या शेवटाकडून सुरुवातीकडे रबर न्यायचं, चुरा ब्रशने झटकायचा, आणि कागद उजेडात तिरका धरून बघायचा. शिसं गेलं तरी पेन्सिलीचा वळ राहतो. वळ दिसला की पुन्हा घासायचं. त्यामुळे वाचायचं नाही म्हटलं तरी वाचलं जायचं. कोण किती दाबून लिहितं यावरून रागावलेला कोण आणि घाबरलेला कोण ते त्यांना कळायचं. पण या कानाचं त्या कानाला सांगितलं नाही कधी. तसा नियमच होता, आणि नियम पाळायला काका पक्के होते.

एका मंगळवारी ट्रेमध्ये एक वेगळा अर्ज निघाला. बेपत्ता व्यक्तीला कायद्याने मृत जाहीर करून मिळण्याचा. वर्षाकाठी असे दोन-तीनच यायचे. बहुतेक रकाने रिकामेच होते. ‘ख’च्या वर्णनात तेवढं लिहिलं होतं, हलक्या हाताने, पेन्सिल जेमतेम टेकवून, ‘उंची मध्यम. उजव्या भुवईत टाक्यांची खूण. तिथे केस उगवत नाहीत.’

अर्धी ओळ खोडून झाल्यावर काकांच्या लक्षात आलं, की आपला डावा हात केव्हाचा आपल्याच कपाळावर आहे.

ते स्वतःशीच हसले. भुवया काय, कुणाच्याही फुटतात. लहानपणी धावताना, ओट्यावरून पडून, कुणाचा दगड लागून. त्यांनी ओळ खोडली, चुरा झटकला, कागद तिरका धरला. वळ होता. पुन्हा घासलं, पुन्हा धरला. बाकी सगळं गेलं होतं, ‘टाक्यांची खूण’ एवढंच कागदात राहिलं होतं. हलक्या हाताचं अक्षर इतकं खोल कसं रुतलं, हे काही त्यांना कळेना.

शुक्रवारी तोच अर्ज, तोच हात. वर्णन पुन्हा लिहिलेलं, आणि खाली आणखी एक रकाना भरलेला. ‘सवयी: जेवताना बोलत नाही. दार लावलं की दोनदा ओढून बघतो.’

काकांनी मान वर करून दाराकडे पाहिलं. दार लागलेलं होतं. आत्ताच, बसण्याआधी, त्यांनीच ते दोनदा ओढून पाहिलं होतं.

पहिल्यांदा वाटलं, कुणी तरी थट्टा करतंय. मग वाटलं, कुणी तरी पाळत ठेवून आहे. उठून त्यांनी खणांच्या मागे पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर सायकली लावलेल्या होत्या आणि एक मांजर बसलं होतं. संध्याकाळी आपल्या भाड्याच्या खोलीतून भाजी आणायला निघताना त्यांनी दार मुद्दाम एकदाच ओढलं आणि चालायला लागले. कोपऱ्यापर्यंत गेले. परत आले, दुसऱ्यांदा ओढलं, आणि मगच बाजारात गेले. पन्नाशी उलटलेला माणूस स्वतःच्या दाराला असा भ्यायलेला पाहून घरमालकीण हसली असती, पण ती दुपारपासून बाहेर होती.

पुढच्या मंगळवारी सकाळी तळघरात त्यांचं कामात लक्ष नव्हतं. वर खुर्ची सरकली. सावकाश, कुणी तरी उचलून ठेवावी तशी. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. वर कुणी तरी बसून आपल्याला आठवतंय, थोडं थोडं करून कागदावर उतरवतंय, असं काकांना वाटलं. ते गठ्ठा हातात धरून छताकडे बघत उभे राहिले. जिना चढून वर जायला वीस पावलं पुरली असती. ती त्यांनी टाकली नाहीत.

दुपारी अर्ज जवळजवळ भरलेला होता. काकांनी सवयीने ओळीच्या शेवटाकडून रबर चालवायला सुरुवात केली, आणि चालवता चालवता वाचलं.

‘नातेवाईक: वडील हयात नाहीत. बहीण (क). आई तीन वर्षांपूर्वी वारली.’

रबर तोवर पुढे गेलं होतं. ‘तीन वर्षांपूर्वी वारली’ पुसलं गेलं होतं. कागदावर ‘आई’ एवढंच राहिलं होतं.

काकांनी रबर खाली ठेवलं. मग त्यांनी खालचंही वाचलं. ‘शोध: शेवटच्या पत्त्यावर सात पत्रं पाठवली, सगळी परत आली. दोनदा स्वतः जाऊन आले. तिथे आता टायरचं दुकान आहे.’ आणि त्याखाली, ‘अर्जाची गरज: घर दोघांच्या नावावर. छप्पर गेलं आहे. नवीन घालायला दोघांच्याही सह्या मागतात.’

आता शंकेला जागाच नव्हती. टायरच्या दुकानाच्या जागी पूर्वी एक चाळवजा इमारत होती आणि तिच्यात काका राहायचे.

घर सोडून ते पळून गेलेले नव्हते. भांडण झालं असतं तर एक वेळ बरं होतं, भांडण मिटवता तरी येतं. ते कामासाठी या शहरात आले, दर महिन्याला पत्र टाकायचे. मग ती इमारत पाडायला काढली आणि खोली बदलली. नवा पत्ता कळवायला म्हणून पत्र लिहायला बसले, ‘आई, पत्ता बदलला आहे’ एवढं लिहिलं, आणि कुणी तरी हाक मारली म्हणून उठले. पत्र राहिलं. महिना गेला. आता उशीर का झाला ते लिहायला हवं, म्हणून आणखी राहिलं. सहा महिन्यांनी कारण आणखी मोठं लागणार होतं, वर्षाने त्याहून मोठं. दोन वर्षांनी त्यांनी विचार करणंच सोडून दिलं. अशी एकोणीस वर्षं गेली. घर बसने दोन तासांवर होतं. ते अर्धवट पत्र त्यांच्या पेटीत अजून होतं.

त्यांनी खणातून त्या विषयाचं पत्रक काढलं. अशा पत्रकांच्या घड्या त्यांनी शेकड्यांनी घातल्या होत्या, वाचलं आज पहिल्यांदा. ‘ती व्यक्ती जिवंत असती, तर ज्यांना तिची खबर साहजिकच लागली असती, अशा माणसांना ठरावीक वर्षं तिची काहीच खबर नसेल, तर न्यायालय ती व्यक्ती मृत मानू शकते.’ साहजिकच, हा शब्द त्यांनी दोनदा वाचला. कायद्याने काही वाकडं बोललं नव्हतं. तरी कुणी तरी भर चौकात थोबाडीत मारावी तसे ते लाल झाले.

इतकं झाल्यावर कुणीही बसस्टँड गाठलं असतं. काकांनी कपाट गाठलं. राग यावा असंच ते वागले. सराव जवळजवळ पुरा झाला होता, म्हणजे पुढच्या खेपेला बाई बहिणीला पक्का अर्ज देणार, ती तो शाईने भरणार, आणि तो कोर्टाच्या खिडकीत गेला की जाहीर सूचना लागणार, मुदत संपणार, काका कायद्याने मेलेले. पक्क्या अर्जांच्या कपाटाची एक किल्ली काकांकडेही असायची. त्या प्रकारचे पक्के अर्ज नऊ होते. नऊच्या नऊ त्यांनी काखेत मारले, तळघरात नेले आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात दडवले.

शुक्रवारी ते खाली बसून राहिले. वर खुर्ची सरकली. बाईंचा आवाज आला, मग कपाट उघडल्याचा, बंद केल्याचा, पुन्हा उघडल्याचा. मग पावलं. ती दाराकडे गेली, थांबली, आणि इमारतीच्या पुढच्या पायऱ्यांच्या दिशेने विरत गेली. खाली काकांनी तो गठ्ठा मांडीवर घट्ट धरला होता. आपण जिवंत आहोत की आधीच पुरलेलो आहोत, हे त्यांना क्षणभर खरोखर कळेना. छताचा चुना खांद्यावर पडला, तोही त्यांनी झटकला नाही.

दोन वाजता वर गेले तर बाई अजून बसलेल्याच.

“काका, बेपत्ताचे पक्के अर्ज कुठे गेले हो? माझ्या हयातीत कधी संपले नव्हते.”

“बघतो.”

“बघा. ती बाई दोन तासांचा प्रवास करून येते. आज सराव अगदी बिनचूक केला, आणि मला तिला सांगावं लागलं, मंगळवारी या. बिचारी बाहेर पायरीवर जाऊन बसली. अर्धा तास बसली होती. मी पाणी नेऊन दिलं.”

काका ट्रेकडे बघत उभे राहिले.

“बाई, एक विचारू?”

“विचारा की.”

“समजा, असल्या अर्जातला तो ख जिवंत निघाला. तर त्याने कोणता अर्ज भरायचा?”

बाईंनी चष्मा काढला. “त्याला कसला अर्ज? त्याने येऊन उभं राहायचं.”

“बस्स?”

“बस्स. कसं करायचं ते विचारलंत म्हणून सांगितलं. करायचं की नाही ते ज्याचं त्याने बघावं.” त्यांनी पिशवी उचलली आणि दारात थांबून म्हणाल्या, “चेहरा का असा झालाय तुमचा? जेवलात ना?”

“जेवलो,” काका खोटं बोलले.

बाई गेल्यावर त्यांनी दार लावलं, आणि तो अर्ज समोर घेतला. सगळे रकाने भरले होते. शेवटचा रकाना होता, ‘ती व्यक्ती मृत आहे असे मानण्याचे कारण’. मागच्या खेपेला तो कोरा होता. आता त्यात एकच ओळ होती, त्याच हलक्या हाताने लिहिलेली.

‘जिवंत असता तर आला असता.’

काका रडले. अर्ज ओला होऊ नये म्हणून बाजूला सरकवून रडले, अकरा वर्षांची सवय अशी सुटते थोडीच. मग डोळे पुसून ती ओळ खोडायला बसले. शिसं गेलं. कागद तिरका धरला, वळ तसाच होता. पुन्हा घासलं. कागदाचा पापुद्रा सुटायला लागला तरी उजेडात ओळ वाचता येत होती. नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी एक कागद पुरता न खोडता ट्रेमध्ये परत ठेवला.

मंगळवारी साडेनऊलाच त्यांनी नऊ अर्ज कपाटात नेऊन ठेवले. बाईंनी ते पाहिले, काकांकडे पाहिलं आणि कपाट लावून घेतलं. काका खणांपाशी पत्रकं सारखी करत उभे राहिले. सारखी करण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

ती सव्वादहाला आली. काकांना आठवत होती ती दोन वेण्या घातलेली, स्टँडवर बसच्या खिडकीला लटकून ‘दादा, येताना रंगीत पेन्सिली आण’ म्हणणारी. ही बाई पिकल्या केसांची होती आणि खुर्ची ओढायच्या ऐवजी उचलून ठेवणारी होती. आईसारखी. आई घरात कुणी झोपलेलं असलं की पाट असाच उचलून ठेवायची.

तिने काकांकडे पाहिलं. काकांची भुवई आता पांढरी झाली होती आणि चष्म्याची काळी कड नेमकी टाक्यांवर यायची.

“इथे बसलं तर चालेल ना हो?” तिने विचारलं.

काकांनी मान डोलावली. येऊन उभं राहायचं, एवढंच तर होतं. ते उभे होते, तिच्यापासून चार हातांवर, आणि ती त्यांच्या आरपार बघून पिशवीतून वही काढत होती. वाचनालयात असे मदतनीस असायचेच.

बाईंनी पक्का अर्ज दिला. तिने पेन उघडलं आणि लिहायला लागली. या अर्जावर क आणि ख चालत नाही, खरी नावं लागतात. काकांना रकान्यांचा क्रम तोंडपाठ होता. निबाच्या थांबण्यावरून त्यांना कळत होतं ती कुठवर आली ते. हे नाव. किती वर्षांत कुणी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं नव्हतं. ही उंची, ही भुवई. ह्या सवयी. हे वडील. इथे ती थोडी जास्त थांबली, म्हणजे आई. शोध, सात पत्रं. छप्पर. आता शेवटचा रकाना.

“ताई,” अशी हाक मारावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि धाकट्या बहिणीला आपण कधी ताई म्हणत नव्हतो हे आठवून ते पुन्हा मिटलं. तिला काय म्हणायचो? नाव जिभेवर येईना. एकोणीस वर्षं न उच्चारलेलं नाव असं ऐन वेळी हाताशी येत नाही. तिने शेवटच्या रकान्यावर पेन टेकवलं.

वाऱ्याची झुळूक आली आणि खणातली दोन पत्रकं जमिनीवर गेली.

“काका, दार लावा हो तेवढं,” बाई मान वर न करता म्हणाल्या.

काका दारापाशी गेले. पाठ तिच्याकडे झाली तेव्हा त्यांना एकदम सुटल्यासारखं वाटलं आणि त्याचीच लाज वाटली. त्यांनी दार लावलं. मुठीला हात घालून ओढून पाहिलं. मग, न ठरवता, पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

मागे पेनचा आवाज थांबला.

बाईंनी हातातला कागद तसाच धरला होता. काकांना वळायचं होतं, पण मान वळेना.

“पुन्हा ओढ,” मागून ती म्हणाली.

काकांनी ओढलं. एकदा, आणि मग दुसऱ्यांदा. मागे खुर्ची सरकली, आणि या वेळी ती कुणी उचलून ठेवली नव्हती.